लोणावळा लोकल आणि एक ओरिजिनल आयडिया

जे. के. रोलिंगला हॅरी पॉटर ट्रेनमध्ये सुचला. १९९० साली, मँचेस्टरहून लंडनला जाताना, गाडी लेट असताना! हे कळल्यापासून मी लेट गाड्यांना नावं ठेवणं बंद केलंय. गेल्या पावसाळ्यात जवळपास दर शनिवारी हाच कार्यक्रम. चिंचवडला लोणावळा लोकल पकडायची, खिडकी गाठायची, मांडीवर वही उघडायची आणि वाट बघायची. तळेगाव गेलं, वडगाव गेलं, कामशेत गेलं... आयडिया काही आली नाही. चिक्कीवाले मात्र न चुकता आले.

झालं होतं असं, की मला फॅन्टसी कादंबरी लिहायची होती. म्हणजे एक लिहूनही झाली होती. चांगली १८० पानांची! त्यात बर्फाळ डोंगर होते, टोकदार कानांची माणसं होती, कपाळावर खूण असलेला अनाथ मुलगा होता आणि त्याला वाट दाखवणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. हसू नका. तुमच्याही ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये 'नॉव्हेल फायनल' नावाचा फोल्डर असणार, मला माहितेय.

एका प्रकाशनाच्या संपादकांनी ती वाचली आणि अगदी प्रेमाने एकच प्रश्न विचारला, ''बर्फ कुठे पाहिलायत तुम्ही?'' खरं सांगू? एकदाच. मनालीला, भाड्याच्या गमबुटात. गप्पपणे फाइल उचलली आणि घरी आले.

मित्रमंडळींनी समजूत काढली, ''मराठीत फॅन्टसी चालतच नाही गं!'' हे काही मला पटलं नाही. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची आणि ती अद्भुतरम्यच आहे. २०१८ मध्ये 'तुंबाड' बघून आपण सगळे थक्क झालो, त्याची प्रेरणा नारायण धारपांच्या कथेत होती. तेव्हा प्रॉब्लेम मराठीचा नव्हताच, माझा होता. मी दुसऱ्यांच्या डोंगरांवर हिंडत होते.

म्हटलं, मग आपलेच डोंगर घेऊ. आमचं मूळ मावळातलं. आजीच्या सासरची भातखाचरं पवना धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती काठावर उभी राहून 'तिथं आमचं खळं होतं' म्हणून बोट दाखवते. एका शनिवारी तिकोन्याकडे बघता बघता डोक्यात ट्यूब पेटली. पाण्याखाली बुडालेलं गाव! रात्री तिथे दिवे लागतात, माणसं पाण्यात श्वास घेतात, लावणीची गाणी वर ऐकू येतात... बॉस, एकदम ओरिजिनल! अंगावर काटाच आला.

धावत जाऊन आजीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''त्यात जादू घालू नगंस, बाळा.''

''का गं?''

''जादूचं झालं की लोकान्ला वाटंल, खोटंच व्हतं सगळं.''

मी गप्प. कारण माझ्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये नळ सोडला की येतं ते पवनेचंच पाणी. हेच पाणी बंद पाइपलाइनने शहराकडे न्यायला विरोध म्हणून मावळात आंदोलन झालं, ९ ऑगस्ट २०११ ला गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. तेव्हा मी शाळेत होते. त्या पाण्याखाली मी परीकथा मांडणार आणि वर तेच पाणी पिणार? ती आयडिया ओरिजिनल होती, पण ती माझी नव्हती. ज्यांचं गेलंय त्यांचं अजून नीट सांगूनच झालेलं नाही. ते कधी लिहिलं, तर सरळ, जादूशिवाय लिहीन.

पुढच्या शनिवारी वही न घेताच मळवलीला उतरले. एका बाजूला भाजे आणि लोहगड, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याला लहानपणापासून कितीदा गेलेय! एकवीरेचं दर्शन, लिंबू सरबत, लेण्यात दोन फोटो, खलास. या वेळी चैत्यगृहात जरा निवांत बसले. छताच्या लाकडी कमानी बघितल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आहे ते, अजून जागच्या जागी! मग घरी येऊन तिथल्या ब्राह्मी लेखांबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

आणि तिथे ते गाव भेटलं. धेनुकाकट.

कार्ल्याच्या दानलेखांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. खांब देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. दाराचं दान देणारा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि लेण्याचं दार घडवणारा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. इतकी माणसं, इतका पैसा, इतके धंदे असलेलं हे गाव नेमकं होतं कुठे? अभ्यासकांचं आजही एकमत नाही. माणसांची नावं दगडात शाबूत आणि गावाचा पत्ता गायब!

मला राजपुत्र नको होता, कपाळावरची खूण नको होती. मला सुतार मिळाला होता. सामीने दार केलं, ठीक. पण ते दार उघडतं कुठे? त्यातून त्याचं अख्खं गाव आत गेलं असेल तर? बर्फाची गरजच नाही. पाऊस, शेवाळ, तासलेल्या सागाचा वास, हे सगळं मला तोंडपाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, बुडालेल्या गावात जादू चालत नाही आणि हरवलेल्या गावात चालते, हे कसं काय? मलाही तीच धाकधूक होती. म्हणून पुन्हा आजीच्या कोर्टात गेले. तिने नेहमीसारखं नीट ऐकलं.

''त्या सुताराचं कुणी हाय का मागं?''

''कुणालाच माहीत नाही, आजी. गाव कुठे होतं तेसुद्धा.''

''मंग लिही. निदान कुणी हुडकंल तरी त्याला.''

सध्या चौदाव्या पानावर आहे. शनिवारची लोकल अजून सोडलेली नाही. फक्त हल्ली ती वेळेवर पोचली, की माझीच चिडचिड होते!