धंद्याला भांडवल लागते, तसे नागरिकशास्त्रही लागते



आपल्या घरात पोरगा किंवा पोरगी शिकली की शेजारीपाजारी एकच विचारतात, "नोकरी कुठे लागली?" धंदा म्हटला की म्हातारी माणसे गप्प होतात. त्यांचे काही चुकत नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या बाजारात बरोबरीने उभे राहू दिले नाही, त्यांना गल्ल्यावर बसायची सवय कुठून असणार? खुद्द बाबासाहेबांनी १९१७ साली परदेशातून परत आल्यावर शेअर बाजाराच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले आणि पेढी बंद करावी लागली. अक्कल कमी पडली नव्हती, भांडवलाचेही ते कारण नव्हते. जात आडवी आली.

पुढे त्याच माणसाच्या देखरेखीखाली या देशाचे संविधान तयार झाले. त्यातल्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा, व्यापार किंवा धंदा करण्याचा हक्क दिला. दुकानात, हॉटेलात कुणाला जातीवरून अडवता येणार नाही असे कलम १५ सांगते. अनुसूचित जाती-जमातींचे आर्थिक हित सरकारने विशेष काळजीने जपावे, असे कलम ४६ सांगते. ही कलमे आम्ही जयंतीच्या भाषणात पुष्कळदा ऐकली होती. पण त्यांचा आमच्या शिलाई मशीनशी संबंध आहे, हे आम्हाला घरातल्या सातवीच्या मुलीच्या पुस्तकामुळे उमगले.

आम्ही दोघी जावा. थोरली दहावीपर्यंत शिकलेली, धाकटी बारावी. दोघींचे नवरे कंत्राटी कामगार. आम्ही दहा वर्षे एका व्यापाऱ्याकडून शाळेच्या गणवेषाचे कापलेले कापड आणून घरी शिवत होतो. शर्टामागे २२ रुपये. धागा आमचा, वीज आमची, मानेचे दुखणेही आमचेच. तोच शर्ट दुकानात अडीचशेला जाई. २०२२ च्या जूनमध्ये आम्ही ठरवले की कापडही आपण आणायचे, कटिंगही आपण करायचे आणि शाळांकडे आपणच जायचे. त्यासाठी दोन जुकी मशीन, एक ओव्हरलॉक आणि कापडाचा पहिला गठ्ठा, असा तीन लाखांचा हिशेब निघाला.

पहिले काम होते उद्योगाची नोंदणी. एका एजंटाने अडीच हजार रुपये मागितले. वस्तीतल्या विहारात रविवारी एक निवृत्त बँक कर्मचारी मुलांचा अभ्यास घेतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते म्हणाले, "एक पैसा देऊ नका." १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर होते आणि तिला फी नाही. आधार क्रमांक लागतो, बाकीची माहिती आपणच सांगायची. अर्ध्या तासात आमचा दाखला निघाला. वाचलेल्या अडीच हजारांत सुया, धागे आणि दोन मोठ्या कात्र्या आल्या.

मग बँक. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला शिशु म्हणतात, त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर. आम्ही किशोरसाठी गेलो. साहेब चांगले बोलले, चहाही विचारला. शेवटी म्हणाले, "तीन लाख देऊ. पण दोन लाखांची ठेव आमच्याकडे ठेवा. तारण नको का काही?"

दोन लाख रुपये घरात होते, नव्हते असे नाही. ते सासऱ्यांच्या फंडाचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. बत्तीस वर्षे कारखान्यात काढून हातात आलेली रक्कम त्यांनी दोन कामांसाठी राखली होती. एक त्यांचे स्वतःचे आजारपण आणि दुसरे धाकट्या नणंदेचा नर्सिंगचा कोर्स. त्या रात्री घरात जेवणे लवकर उरकली. मामा म्हणाले, "ठेवा माझे पैसे बँकेत. तुम्ही कष्टाळू आहात, बुडवणार नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. नणंद ताटे उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आम्हा दोघींना घास गिळेना. एकीच्या धंद्यासाठी दुसरीचे शिक्षण गहाण ठेवायचे, तर मग आपण पुढे गेलो ते काय?

त्याच आठवड्यात आमची मुलगी मूलभूत हक्कांचा धडा पाठ करीत होती. इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या पानांवर नागरिकशास्त्र असते, मार्क थोडे, म्हणून मुले ते शेवटी वाचतात. ती मोठ्याने वाचत होती आणि आम्ही कापड कापत होतो. हक्क हिरावला गेला तर दाद मागता येते, असे काहीसे वाक्य आले. थोरली म्हणाली, "दाद मागायची म्हणजे कुणाकडे, कागद कोणता, हे पण या पुस्तकात लिहायला हवे होते." हाच प्रश्न घेऊन आम्ही दादांकडे गेलो.

त्यांनी सांगितले ते प्रत्येक घराला कळावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतचे कर्ज देताना बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० साली आला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जदारांसाठी तर स्वतंत्र परिपत्रक आहे. सरकारी स्वयंरोजगार योजनेत त्यांच्याकडून ठेवीचा आग्रह धरू नये आणि त्यांचा अर्ज नाकारायचा असेल तर तो शाखेने परस्पर नाकारू नये, वरच्या पातळीवर निर्णय व्हावा आणि कारण स्पष्ट लिहावे, असे त्यात म्हटले आहे. दादांनी दोन्ही कागद काढून दिले, त्यांचा अर्थ मराठीत समजावला आणि एकच सल्ला दिला: "भांडू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या."

आजवर आम्ही तोंडी विचारत होतो आणि तोंडीच नकार घेऊन येत होतो. तोंडी नकाराला ना तारीख असते ना सही. आता आम्ही लेखी अर्ज दिला. सोबत उद्यमचा दाखला, मशीनची कोटेशने, दोन शाळांची चौकशीची पत्रे आणि जातीचे दाखले जोडले. पत्रात चारच ओळी होत्या. आम्हाला ठेव ठेवणे शक्य नाही, नियमात तिची गरज दिसत नाही, अर्ज मंजूर करावा, नाकारायचा झाल्यास कारण लेखी कळवावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. खिडकीवरचा माणूस शिक्का द्यायला कुरकुरला. आम्ही बाकावर बसून राहिलो. तासाभराने शिक्का मिळाला.

तीन आठवड्यांनी साहेब स्वतः घर पाहायला आले. मशीनला जागा आहे का, वीज कशी आहे, शाळा कोणत्या, सगळे विचारले. कर्ज मंजूर झाले ते २ लाख ४० हजार, ठेवीशिवाय. साठ हजार कमी पडले, म्हणून एक जुकी जुनी घेतली. मामांचे पैसे पोस्टातच राहिले आणि नणंदेची फी वेळेवर भरली गेली. मंजुरी आली नसती तर पुढची पायरीही दादांनी सांगून ठेवली होती. आधी बँकेकडेच लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

जातीच्या दाखल्याबद्दल मुद्दाम लिहितो. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. पण राज्याच्या कामासाठी आणि केंद्राच्या कामासाठी दाखल्याचा नमुना वेगळा लागू शकतो. योजना कोणाची आहे हे आधी विचारा, मगच दाखला काढा. दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागले तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा लक्षात ठेवा. ज्या सेवा त्याखाली जाहीर झाल्या आहेत त्यांना ठरलेली मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे, दिरंगाई करणाऱ्याला दंडही होऊ शकतो.

योजनांची नावे पाठ करून उपयोग नाही, त्या बदलतात. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज देणारी स्टँड अप इंडिया योजना २०१६ साली आली, तिची मुदत २०२५ पर्यंत होती. त्यापेक्षा कुठे विचारायचे ते पाठ करा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे आणि त्याची जिल्हा कार्यालये आहेत. त्याच्या बीज भांडवल योजनेचा साचा असा, की ७५ टक्के बँकेचे, २० टक्के महामंडळाचे आणि ५ टक्के आपले. जिल्हा उद्योग केंद्रात केंद्राच्या आणि राज्याच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमांची माहिती मिळते. त्यात अनुसूचित जातीच्या उद्योजकाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद राहिली आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून प्रशिक्षण देते. गावाकडच्या मुलामुलींसाठी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्था आहेत, तिथे राहणे-जेवणे धरून प्रशिक्षण मोफत असते. रस्त्यावर भाजी-भांडी विकणाऱ्या आपल्या भगिनींनी २०१४ चा पथविक्रेता कायदा समजून घ्यावा. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना आहेत. त्या खुर्च्यांवर आपल्यातले कोण बसले आहे, हे विचारायला काय हरकत आहे?

माल कुणाला विकायचा, हाही नागरिकशास्त्राचाच प्रश्न आहे. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल लहान उद्योगांकडून घ्यावा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असे धोरण आहे. ही टक्केवारी आपोआप दारात येत नाही, नोंदणी करून मागावी लागते. आपल्या हद्दीतल्या सरकारी कार्यालयाने कोणता माल कुणाकडून, काय भावाने घेतला हे २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. भाव कळला की आपला भाव ठरवता येतो.

हे सगळे वाचून कुणी उठून कर्ज काढावे असे आमचे म्हणणे नाही. आमचा हप्ता दर महिन्याला पाच हजारांच्या वर जातो आणि शाळा मात्र पैसे दिवाळीनंतर देतात. मार्च ते मे तीन महिने गणवेषाचे काम असे असते की डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सप्टेंबरात मशीन झाकून ठेवावे लागते. तेव्हा आम्ही पिशव्या आणि परकर शिवतो. धंदा सुरू करण्याआधी सहा महिन्यांच्या हप्त्यांची सोय कशी होईल ते कागदावर लिहा. न जमल्यास एक वर्ष थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली पाहिजे. ती दूर करण्याचे मोठे काम मोठ्या माणसांचे असेल. आपल्या हातात रविवारची सकाळ आहे. आमच्या विहारात आता महिन्यातून एकदा मुलांची नागरिकशास्त्राची पुस्तके मोठी माणसे वाचतात. धडा संपला की कुणीतरी आपला एखादा अडलेला कागद पुढे ठेवतो. कुणाचे रेशन कार्ड, कुणाचा फंडाचा फॉर्म, कुणाची बँकेची गोष्ट. सर्वांनी मिळून अर्ज लिहायचा, दोन प्रती काढायच्या. गेल्या वर्षी असे चौदा अर्ज गेले. नऊ कामे झाली. पाच अजून अडलेली आहेत आणि त्यांच्या पोचपावत्या एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत. ती फाईल आमची नणंद सांभाळते. नर्सिंगच्या ड्युटीवरून आली की आधी ती उघडून कुणाची मुदत संपली ते बघते.