हिरवा ओला, निळा सुका

पूर्वी ठाण्याच्या कळव्यात कचराकुंडीला रंग नसायचा, पत्ता असायचा. ‘कुंडीच्या अलीकडे थांबवा’ म्हटलं की रिक्षावाल्याला कळायचं. सिमेंटचा गोल कठडा, एका बाजूला फुटलेला, आत एक गाय नि दोन कुत्री. बायका नाकाला पदर लावून लांबूनच डबा उपडा करायच्या.

पण त्या कुंडीत पडायचं तरी काय? रद्दी रद्दीवाल्याची, बाटल्या-पत्रा भंगारवाल्याचा, शिळी पोळी गायीची. जुन्या साड्यांवर बोहारणीशी तासभर घासाघीस करून एखादं स्टीलचं पातेलं पदरात पडायचं. दुधाची पिशवीसुद्धा धुऊन, चिमटा लावून दोरीवर वाळत असे, कारण तिचेही पैसे येत. ‘वर्गीकरण’ कोणाच्या तोंडी नव्हतं. कुंडीपर्यंत पोचायचा तो केर आणि भाजीची देठं.

रंग होता तो बागेतल्या पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेटीला. पोटावर ‘मला वापरा’, चोच सताड उघडी, आणि त्या घशात हात घालून आईचा धपाटा खाणारी पोरं.

मग सरकारी रंग आले. 2000 सालच्या घनकचरा नियमांत ओल्याला हिरवा, पुनर्वापराच्या कचऱ्याला पांढरा, उरल्यासुरल्याला काळा असं ठरलं. पांढरा! कळवा नाक्यावर ती पेटी आठवडाभरात पिचकाऱ्यांनी लाल झाली असती. 2017च्या जागतिक पर्यावरण दिनापासून देशभर हिरव्या-निळ्याची मोहीम निघाली, ते बरं झालं. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांनाही ही जोडी सहसा ओळखता येते.

आज नाक्यावर लोखंडी दांड्याला दोन पेट्या टांगलेल्या असतात. हिरवीत पाण्याची बाटली, निळीत शहाळं. कधी पेट्या गायब, नुसता दांडा.

याच कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. रुग्णालयांना 2016च्या नियमांनी चार रंग नेमून दिलेत: पिवळ्यातलं बहुतेक जाळायचं, लालमधलं प्लास्टिक निर्जंतुक करून पुढे पाठवायचं, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच. तिथे रंगाला अर्थ आहे, कारण प्रत्येक रंगाची पुढची वाट वेगळी. रस्त्यावरच्या रंगांना ती वाटच नाही. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्याच्या डम्पिंगवर गेला. त्या ढिगात कसला हिरवा नि कसला निळा! घरी दोन डबे ठेवणाऱ्या बाईने खिडकीतून दोन्ही एकाच गाडीत उपडे होताना पाहिले, की दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडेही एकच डबा. तिला दोष कसा द्यायचा? रद्दीवाल्याला मात्र ती आजही वेगळी रद्दी देते, कारण तो ती वेगळीच नेतो.

म्हणून पालिकेला एकच विनंती: पेट्यांची पुढची खरेदी जरा थांबवा, आधी गाडीचे दोन कप्पे करून ते हिरवे-निळे रंगवा.