भुकेचे औषध

दिवाळी जवळ आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन तऱ्हेचे डबे भरले जातात. पहिल्या तऱ्हेच्या डब्यांचा बोभाटा सगळ्या आळीत होतो. चकलीचा, चिवड्याचा, करंज्यांचा, अनारशांचा! दुसऱ्या तऱ्हेचा डबा लहान असतो आणि तो गुपचूप कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसतो. त्यात हिंगाष्टक चूर्ण असते. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग असे हे अष्टप्रधान मंडळ. पहिल्या डब्यांनी चार दिवसांत जो राज्यकारभार बिघडवून ठेवलेला असतो, तो या आठ जणांनी सावरायचा, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी घरातला कर्ता पुरुष आरामखुर्चीत पडल्या पडल्या, "अगं, ते भुकेचं औषध कुठं ठेवलंयस?" म्हणून विचारतो. ज्या पोटात सकाळपासून सहा वेळा काही ना काही गेले आहे, त्याला सातव्यांदा भूक लागावी म्हणून औषध! यातली गंमत आपल्या कधी ध्यानातच येत नाही.

माझ्याही ती आली नसती. पण माझा एक भाचा सिंगापूरला नोकरीला असतो. त्याने गेल्या खेपेला माझ्यासाठी चिनी औषधाची एक पुडी आणली. "मामा, तिकडचे म्हातारे पचनासाठी आणि अंगात ताकद यावी म्हणून हे घेतात," असे म्हणून त्याने ती माझ्या हाती ठेवली. मी ती घेतली, पण पोटात नव्हे. माझ्या वयाच्या माणसाने परक्या देशाचे औषध आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे व्यवहारज्ञान मला आहे. मात्र तिच्यात काय काय असते याची चौकशी मी हौसेने केली.

औषधाचे नाव 'शेन लिंग बाय झू सान'. सोंग घराण्याच्या अमदानीत चीनमध्ये सरकारी औषधशाळा होत्या. त्यांच्यासाठी तयार झालेल्या योगसंग्रहात हे चूर्ण आहे, म्हणजे त्याचे वय आठशे वर्षांच्या वरच. चिनी वैद्यांच्या मते जठर आणि प्लीहा हे शरीराचे मधले ठाणे. अन्नाची शक्ती बनते ती तिथे, आणि ते ठाणे ढासळले की माणसाला अन्न लागत नाही, जुलाब होतात, हातापायांतले त्राण जाते. त्यावर हा दहा जिनसांचा उतारा. पहिले जिनसेंग. ते महाग, म्हणून त्याचा मान पहिला. मग पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी, दोनतीन मुळे, जेष्ठमध, आणि वेलदोड्याच्या कुळातले एक बी. इथवर सारे औषधासारखे आहे. पण उरलेल्या जिनसा वाचताना मी चष्मा पुसून पुन्हा वाचू लागलो. एक कंद, आपल्या कोनफळाचा चुलतभाऊ. पांढरे वाल, हो, आपले बिरड्याच्या जातीचे वाल! कमळाचे बी. एका गवताचे टपोरे दाणे. आणि हे सगळे घ्यायचे कशाबरोबर, तर बोराच्या काढ्याबरोबर.

आता तुम्हीच सांगा, हे औषध झाले की शिधा? त्या चिनी वैद्याने जिनसेंगाच्या पाठोपाठ एक आख्खी भाजीची पाटीच खलबत्त्यात ओतली आहे! आणि ही पाटी मी कुठे तरी पाहिली आहे, असे मला सारखे वाटू लागले. कंद, वाल, बोरे... मग आठवले. जव्हार-मोखाड्याच्या बाजारात.

जव्हार आणि मोखाडा हे आज पालघर जिल्ह्यातले तालुके. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते, आणि त्याहीपूर्वी, १९४८ साली विलीन होईपर्यंत, जव्हार हे मुकणे घराण्याचे, महादेव कोळी राजांचे संस्थान होते. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंची, पावसाळ्यात डोंगरावरून कोसळणारे धबधबे, गार वारा. शहरातली माणसे तिथे हवा खायला जातात. माझा एक डॉक्टर मित्र त्या भागात बरीच वर्षे काम करीत होता, त्याच्याकडे मी दोनचार वेळा राहिलो आहे. बाजारात वारली, कोकणा, ठाकर, कातकरी बाया टोपल्या घेऊन बसलेल्या असत. एखादीच्या टोपलीत कडूकंद. हा कंद तसाच खाल्ला तर घशाखाली उतरणार नाही. त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा, तेव्हा कुठे तो पोटात घेण्याजोगा होतो. एवढी यातायात माणूस हौसेने करीत नाही. घरातल्या कणगीचा तळ दिसू लागला की तो कंद उकरायला रानात जातो.

अशाच एका मुक्कामात, भाद्रपदाचे दिवस होते, मी मित्राबरोबर तिथल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. एक तरुण आई कडेवर मूल घेऊन आली. मूल दीड वर्षाचे असेल, पण दिसत होते सहासात महिन्यांचे. डोके तेवढे मोठे, आणि डोळे म्हाताऱ्या माणसासारखे शांत. तिने ते टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्याला भुकेचं औषध दे. हा जेवत नाही." त्या भागात डॉक्टरलाही 'तू'च म्हणतात, त्यात आपुलकी असते. मला त्या 'तू'चे काही वाटले नाही. मी दचकलो तो 'भुकेचं औषध' या शब्दांनी. आमच्या आरामखुर्चीतले तेच शब्द, अक्षराअक्षराने तेच!

मित्राने मुलाचा दंड मोजला, वजन केले, पायावर अंगठा दाबून सूज पाहिली. मग शेंगदाण्याचा लगदा असलेले एक पाकीट फोडून आईच्या हाती दिले आणि म्हणाला, "भरव पाहू, बाई." मूल तोंड फिरवून पडून राहिले. मित्र मला हळूच म्हणाला, "ही भुकेची चाचणी. पोर खातंय तर त्याला घरी ठेवून, गावातच बरं करता येतं. खात नसेल तर त्याला इथून हलवायचं नाही. अरे, उपाशी माणसाला भूक लागते ही तुमची शहरी समजूत. फार दिवस उपाशी राहिलेल्याची भूक मरते."

भूक मरते! हा वाक्प्रचार आपणही वापरतो, जेवणाला उशीर झाला म्हणजे. त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. अन्न कमी पडत गेले की शरीर काटकसर करू लागते. आतड्याचे अस्तर झिजते, पाचक रस आटतात, त्यात दूषित पाण्याने जुलाब लागतात. मग जे थोडे पोटात जाते तेही अंगी लागत नाही. न खाल्ल्यामुळे पचत नाही आणि पचत नसल्यामुळे खाववत नाही, असे ते चक्र असते.

मला वाटले, आता या मुलाला भरपूर दूधभात चारतील. तसे काहीच झाले नाही. मित्राने नर्सबाईंना सांगितले ते दूध अगदी बेताचे होते. शंभर मिलिलिटरमध्ये अवघे ७५ कॅलरी, तेही वाटीवाटीने, दर दोनतीन तासांनी, रात्रीसुद्धा. मुलाची तब्येत स्थिरावून भूक परतू लागली की मग दुसरे दूध, शंभर मिलिलिटरला १०० कॅलरींचे. पहिल्याच दिवशी पोटभर घातले तर रक्तातल्या क्षारांचा तोल एकदम ढळतो, हृदयावर ताण येतो, आणि उपासातून वाचलेले मूल जेवणाने दगावू शकते.

जेवणाने मरण! हे वाचून कुणाला नवल वाटेल. पण चीनच्या एका वैद्याने हे आठशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. त्याचे नाव ली दोंगयुआन, जन्म ११८० चा. १२३२ साली मंगोलांनी चिन राज्याच्या राजधानीला, म्हणजे आजच्या काइफेंगला वेढा घातला. वेढा उठला आणि त्यानंतर शहरात माणसे पटापट मरू लागली. ली लिहितो की शहराला बारा वेशी होत्या, आणि एकेका वेशीतून रोज हजारापासून दोन हजारांपर्यंत प्रेते बाहेर जात होती. जवळजवळ तीन महिने हे चालले होते. इतर वैद्यांनी हा बाहेरून आलेला ताप समजून घाम काढण्याची आणि रेच देण्याची औषधे दिली, आणि माणसे अधिकच मेली. ली म्हणाला, रोग बाहेरचा नाही. वेढ्यात ही माणसे कधी उपाशी, कधी अर्धपोटी राहिली, राबली, भ्याली. त्यांच्या जठरात राम उरला नाही. आणि अशा वेळी ती एकदम पोटभर जेवली.

त्या महामारीतून त्याचे सगळे वैद्यक उभे राहिले. १२४९ साली त्याने जठर आणि प्लीहा यांवरच एक ग्रंथ लिहिला. 'मधले ठाणे भरून काढणारा आणि शक्ती वाढवणारा' अशा अर्थाच्या नावाचा त्याचा आठ जिनसांचा काढा चीन-जपानात आजही चालतो. म्हणजे पचनाची आणि ताकदीची जी चिनी औषधे आज शहरातले सुखवस्तू म्हातारे घेतात, त्यांच्यातल्या एका मोठ्या परंपरेची जन्मकथा अजीर्णाची नाही, ती उपासमारीची आहे.

आणि आपल्या चरकाला काय हे ठाऊक नव्हते? शोधनानंतर माणसाचा अग्नी मंदावतो म्हणून त्याला एकदम जेवण देऊ नये, आधी पेया, मग विलेपी, मग कढण, अशा पायऱ्यांनी न्यावे, असे चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात सांगितले आहे. त्याचा दृष्टांतही साधा, चुलीजवळचा. विस्तवाची ठिणगी उरली असली तर तिच्यावर ओंडका टाकू नये, आधी गवत, मग शेणी, असे करीत ती वाढवावी. रुग्णालयातली वाटी, लीचा काढा आणि चरकाची पेज, तिघांच्या भाषा वेगळ्या, पण शहाणपण एकच.

फक्त एक गोष्ट या तिन्ही शास्त्रांनी गृहीत धरली आहे. ठिणगी फुलल्यावर चुलीत घालायला सरपण असेल, ही! वेढा कधी तरी उठतो. जव्हार-मोखाड्याचा वेढा मात्र दर पावसाळ्यात पडतो. उतारावरच्या वरकस जमिनीत पिकलेली नागली आणि वरई आषाढापर्यंत पुरत नाही, नवे पीक दिवाळीच्या तोंडावर येते. मधल्या महिन्यांसाठी सरकारदरबारी 'खावटी' असा एक शब्दच रूढ झाला आहे. पीक हाती आले की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. मुले बरोबर जातात, अंगणवाडीतले नाव मागे राहते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुले कुपोषणाने गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने मान खाली घातली होती. त्यानंतर पुष्कळ योजना आल्या. २०१५ साली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. त्या योजना राबवणाऱ्या अंगणवाडीच्या बायांचे कष्ट मी पाहिले आहेत, त्यांची थट्टा मी करणार नाही. पण पावसाळ्यात रुग्णालयातल्या खाटा पुन्हा भरतात, हेही मी पाहिले आहे.

आणि या डोंगरांकडून आपण काय काय घेतो ते पाहा. मध्य वैतरणेचे धरण मोखाड्याच्या अंगावर उभे आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. आमच्या हिंगाष्टकाच्या घोटाला लागणारे पाणीसुद्धा तिकडचे असू शकते! तीच गोष्ट पांढऱ्या मुसळीची. १९५५ साली फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिच्या एका जातीला बोरिवलीवरून शास्त्रीय नाव दिले. ही आपल्याकडची जिनसेंग म्हणून बाजारात मिरवते. रानातून आदिवासी ती उकरतात, आणि ती शक्तिवर्धक म्हणून शहरातल्या बाटल्यांत जाऊन बसते.

त्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डातून मोठ्याने रडणे ऐकू आले. मित्र चहाचा कप तसाच टाकून धावला. मला वाटले, काही विपरीत घडले. पण पाहतो तो हा गृहस्थ हसतोय! वाटी रिकामी झाली म्हणून ते पोर आकांत करीत होते. "मागतोय लेकाचा! मागतोय!" मित्र सांगत होता, आणि ती आई लाजून पदराने तोंड पुसत होती.

पुढे पंधरवड्याने ते मूल घरी जायला निघाले. मित्राने आईला समजावून सांगितले : नागलीची पेज, तिच्यात थोडे तेल, डाळ किंवा वाल शिजवून घोटून, अंडे मिळेल तेव्हा अंडे, दिवसातून पाच वेळा. तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग बोटांवर मोजल्यासारखे करीत म्हणाली, "नागली कापायला अजून महिना हाय, डॉक्टर."

मित्राने टेबलाच्या खणातून कागद काढला आणि अंगणवाडीच्या बाईंना चिठ्ठी लिहू लागला. त्याच्या त्या चिठ्ठीत औषधाचे एकही नाव नव्हते. होते ते एवढेच : या घरात महिनाभर धान्य पोचते आहे ना, ते रोज पाहावे.