क्वाइट गुड

न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या भाचीच्या लेकीने लिंबाचं लोणचं चाखलं आणि म्हणाली, ‘‘क्वाइट गुड, मावशीआजी!’’ माझा चेहरा पडला. ती मात्र वाटीतला खार बोटाने निपटत बसली होती.

अमेरिकेत ‘क्वाइट गुड’ म्हणजे चांगलंच. इंग्लंडात तेच म्हणजे बरं आहे, चालेल. त्यातून ‘क्वाइट’वर जोर दिला, तर बरं म्हणायचीही पंचाईत. आणि ‘क्वाइट राइट’ म्हटलं की तिथेही शंभर टक्के बरोबर! ज्याचं त्याने ओळखून घ्यायचं.

आमच्या इंग्रजीच्या बाई लंडनला राहून आलेल्या. नववीत पावसाळ्यावरच्या माझ्या निबंधाखाली त्यांनी लाल शाईत लिहिलं, ‘क्वाइट गुड’. शेजारणीच्या वहीत ‘व्हेरी गुड’, आणि तिने अर्धा निबंध गाइडातून उतरवलेला. पागोळ्यांखाली बादली लावण्याचं वर्णन माझं स्वतःचं होतं हो! बाईंची ती हातचं राखून दिलेली शाबासकी मला अजून पचलेली नाही.

लोणच्यावरून लढाईवर जाणं शोभत नाही, पण १९५१च्या एप्रिलमध्ये कोरियात इमजिन नदीपाशी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडींनी अमेरिकी जनरल रॉबर्ट सूल यांना कळवलं, परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानाला हा टाहो. अमेरिकी जनरल समजले, अडचण आहे, पण निभावतंय. त्यामुळे वेळीच हालचाल झाली नाही, असं सांगतात. पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले. सगळं खापर त्या शब्दांवर फोडू नये, पण मला त्या ब्रिगेडियरचा राग येत नाही. आमचे अप्पा त्याच जातीचे.

भावाने अमेरिकेतून फोन केला, तेव्हा अप्पा म्हणाले, ‘‘तसं ठीक आहे. जरा दम लागतो.’’ तो निर्धास्त झाला. मी शेजारीच होते. अप्पांच्या तोंडी ‘जरा’ आलं की रिक्षा बोलवायची, हे आईने शिकवलेलं. रात्रीच दवाखान्यात भरती केलं. चार दिवसांनी अंगात त्राण आल्यावर विचारलं, इथला चहा कसा असतो? म्हणाले, ‘‘वाईट नाही.’’

मी दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास नेऊ लागले.