खोली रिकामी राहिली तर हप्ता कोण भरणार?

भाड्यासाठी खोल्या बांधायला कर्ज मागणारा नागपूरजवळच्या मौद्यातला माणूस बहुतेक वेळा एकच हिशेब घेऊन येतो. पाच खोल्या, प्रत्येकी चार हजार किराया, महिन्याला वीस हजार. वीस लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, हप्ता अठरा हजारांच्या आसपास. दोन हजार हातात उरतात आणि शेवटी इमारत आपली. कर्जाच्या फायली तयार करणं आणि लोकांच्या भाड्याच्या खोल्यांची व्यवस्था बघणं हा माझा व्यवसाय. मी त्याला आधी एवढंच विचारतो, ‘भाऊ, तुमचा किरायेदार कामाला कुठं जाणार?’

मौद्यात हा प्रश्न टाळता येत नाही. इथल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० चे दोन असे चार संच आहेत, एकूण २,३२० मेगावॅट. पहिल्या संचाची व्यावसायिक वीजनिर्मिती २०१३ मध्ये सुरू झाली, शेवटच्याची २०१७ मध्ये. असा प्रकल्प उभा राहत असताना वेल्डर, फिटर, गवंडी, ड्रायव्हर आणि कंत्राटदारांचे सुपरवायझर मोठ्या संख्येनं येतात आणि मिळेल ती खोली घेतात. संच सुरू झाले की यातले बहुतेक पुढच्या प्रकल्पाला निघून जातात. उरतो तो कायम कर्मचारी, आणि त्याच्यासाठी कंपनीची वसाहत असते. शिवाय नागपूर पस्तीसेक किलोमीटरवर. भंडारा रोड चांगला आहे, त्यामुळे मुलांच्या शाळेसाठी नागपुरात राहून रोज ये-जा करणारेही पुष्कळ. म्हणजे कर्ज वीस वर्षांचं आणि किरायेदार आणणारं काम चार-पाच वर्षांचं. माझ्या मते या गावात भाड्याच्या व्यवसायाची खरी जोखीम हीच आहे. व्याजदर त्यानंतर येतो.

म्हणून मी हिशेब वेगळा मांडायला लावतो. वर्षाचे बारा महिने न धरता नऊच महिन्यांचा किराया धरा, म्हणजे १,८०,००० रुपये. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, मोटर दुरुस्ती असे वीस हजार काढा. उरलेल्या १,६०,००० ला बारानं भागलं तर महिन्याला साधारण १३,३०० येतात. एवढ्या हप्त्यात त्याच व्याजानं आणि मुदतीनं पावणेपंधरा लाखांचंच कर्ज बसतं. बाकीची रक्कम आपल्याजवळ हवी, नसेल तर दोन खोल्या कमी बांधाव्यात. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे. ती कमाल मर्यादा आहे. तेवढं कर्ज उचललंच पाहिजे असं नाही. वीस लाखांच्या कर्जात पहिल्या महिन्याच्या अठरा हजारांपैकी पंधरा हजार व्याजातच जातात, मुद्दल फिटतं तीनच हजारांचं. त्यामुळे खोल्या भरलेल्या असतील त्या वर्षी जादा रक्कम मुद्दलात भरून टाकावी. रिकामं वर्ष आलं की त्याचा उपयोग कळतो.

प्लॉट घेताना एनए-टीपी (अकृषिक आणि नगररचना मंजुरीचं) लेआउट आहे का, आरएल म्हणजे रिलीज लेटर मिळालं आहे का, हे आधी बघा. सातबाऱ्यावरच्या तुकड्याचा प्लॉट स्वस्त पडतो, पण बँक त्यावर हात ठेवत नाही आणि पुढं विकतानाही अडतं. नदीकडची जमीन असेल तर पूररेषा तपासा. ऑगस्ट २०२० च्या पुरात कन्हान नदीनं काय केलं ते तालुक्यातल्या लोकांना सांगायला नको.

आता कराराचं. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ ही समजूत गावोगावी पक्की बसली आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मुदत कितीही असो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिव्ह अँड लायसन्सचा खर्च बघा. सहा हजार महिना, दोन वर्षं, वीस हजार डिपॉझिट. किरायाचे १,४४,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे ४,०००, मिळून १,४८,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ३७० रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठा घेऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. राहायला दिलेल्या घराची मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि किरायाच्या दुप्पट रक्कम मागता येते. त्यासाठी हातात नोंदलेला करार पाहिजे.

कंत्राटदार दहा मजुरांसाठी तीन खोल्या घेतो तेव्हा करार त्याच्या फर्मच्या नावानं करा आणि राहणाऱ्या प्रत्येकाची माहिती पोलिसांना द्या. किराया थकला म्हणून पाणी किंवा लाइट तोडू नका. कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीतल्या बाळंतिणीचा कूलर बंद करणं हे माणुसकीलाही धरून नाही.

कूलरवरून आठवलं. भाड्याच्या खोल्यांमधली निम्मी भांडणं उन्हाळ्यातली असतात. एका मीटरवर पाच खोल्या, त्यात पाच कूलर, आणि बिल आलं की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. प्रत्येक खोलीला सबमीटर लावा, रीडिंग महिन्याच्या एकाच तारखेला किरायेदारासमोर घ्या, वहीत त्याची सही घ्या. कूलरला बोअरचं पाणी किती वाजता सोडणार हेही आधीच ठरवून सांगा. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारला तर खोली थोडी थंड राहते आणि किरायेदार टिकतो. हा खर्च मृगाच्या आधी वॉटरप्रूफिंगबरोबर उरकून घ्यावा.

राहिला प्राप्तिकर. किरायाच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. नोकरदारांनी हे बघूनच प्रणाली निवडावी.

दिवाळीनंतर खोल्यांचं बांधकाम काढणार असाल, तर पायाभरणीआधी एक संध्याकाळ काढा. शेजारच्या गल्लीत फिरा, किती दारांना कुलूप आहे ते मोजा, आणि मगच बँकेत जा.