खाटेजवळची साक्ष

सीपीआर रुग्णालयाला कोल्हापूरकर अजूनही थोरला दवाखानाच म्हणतात. चंदगड, राधानगरी, गगनबावड्याहून माणसं शेवटचा भरवसा म्हणून तिथं येतात. व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा, याबद्दल डॉक्टर बोलतात. पण त्यांचा राउंड उरकला की नातेवाईक हळूच सिस्टरकडे वळतात. ‘सिस्टर, तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न कुठल्याच थोरल्या-धाकट्या दवाखान्यातल्या परिचारिकेला चुकलेला नाही.

अशा वेळी मला मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका आठवतात. अरुणा शानबाग त्यांच्यातलीच. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला, तिचा गळा साखळीनं आवळला. त्यानंतर १८ मे २०१५ला मृत्यू येईपर्यंत ती तिथंच, भान हरपलेल्या अवस्थेत होती. जिला त्यांनी कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तिला पुढच्या पिढ्यांतल्या परिचारिकांनीही भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिला शय्याव्रणं झाली नाहीत. सेवेला यापेक्षा मोठा पुरावा मी मागणार नाही.

पत्रकार पिंकी विराणी यांनी तिची मरणानं सुटका व्हावी म्हणून याचिका केली, तेव्हा याच परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं ऐकलं. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या माणसांचा, असं म्हटलं. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच कळू शकलं नाही. परिचारिकांच्या मायेपुढे मी नतमस्तक आहे, तरी ही बोच माझ्या मनातून जात नाही. माया कितीही खरी असली, तरी ती रुग्णाच्या इच्छेची जागा घेऊ शकत नाही.

२०१८ला न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि उपचारांबद्दल आधी लिहून ठेवलेलं इच्छापत्र मान्य केलं, २०२३ला त्याची रीत सोपी केली. आता उपचार थांबवायचे तर डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात. त्यांत परिचारिकेला जागा नाही. रुग्ण रात्री कशानं कण्हतो, कुणाचा हात धरला की शांत होतो, शुद्धीत असताना ‘आता पुरे’ असं कितीदा म्हणाला, हे तिलाच ठाऊक असतं. मरणाचा निर्णय तिनं एकटीनं घ्यावा, असं मी म्हणत नाही. पण तिची साक्ष नोंदवल्याशिवाय त्या मंडळांच्या कागदावर सही होऊ नये.