आरंभशूर

माणसाच्या अवगुणाला नाव द्यायचे झाले, तर आपल्या मराठीला शब्दांची वाण कधी पडत नाही. वेंधळी, धांदरट, विसरभोळी, उतावळी, आरंभशूर! ही सारी विशेषणे मी चौदा वर्षांची होण्याच्या आत मिळवली होती. पुढे छत्र्या, चष्मे, किल्ल्या पुष्कळ हरवल्या; ही विशेषणे तेवढी टिकली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांत एकाची भर पडली आणि ती साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी घातली. निमित्त माझ्या मुलाचे. तो सहावीत, गृहपाठाच्या दोन ओळी झाल्या की उठणारा. त्याला तपासता तपासता डॉक्टरांनी सहज विचारले, "घरात आणखी कुणी असं आहे का?" आमच्या ह्यांनी उत्तर दिले नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. पुढच्या खेपेला मुलाबरोबर माझाही केसपेपर निघाला.

एडीएचडी हे त्या प्रकाराचे आटोपशीर नाव. 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' हे पुरे नाव इतके लांबलचक आहे की, ज्याला तो विकार आहे त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेणे कठीणच!

हे आजकालचे खूळ आहे असे कुणाला वाटेल, पण ते तसे नाही. बुद्धीने बरी असूनही ज्यांचे चित्त थाऱ्यावर नसते, अशा मुलांवर जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ सालीच व्याख्याने दिली होती. आजचे नाव १९८७ सालचे. वय वाढले की हे आपोआप जाते, असा समज मात्र फार वर्षे होता. पुष्कळांच्या बाबतीत ते जात नाही. अंगातली चुळबुळ कमी होते आणि मनातली राहते. निदान मोठेपणी झाले, तरी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. म्हणून डॉक्टरांनी मला दोन वस्तू आणायला सांगितल्या: जुनी प्रगतिपुस्तके आणि आई.

प्रगतिपुस्तकांत एकच शेरा निरनिराळ्या अक्षरांत होता: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' मुली यातून हटकून निसटतात, हे मी आता शिक्षिका म्हणून रोज पाहते. शेजाऱ्याला चिमटे काढणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीतून जरंडेश्वराच्या डोंगराकडे पाहत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही. समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले. आम्ही ते शाळेत एका सुरात म्हणत असू. मी तोंडाने म्हणे खरी, पण ज्याला उद्देशून म्हणायचे ते मन तोवर डोंगर चढून गेलेले असे.

"पण तू तर कादंबऱ्या लिहितेस!" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. डॉक्टरांनाही मी तोच विचारला. ते म्हणाले, लक्ष कमी नसते. ते कुठे लावायचे, याचा लगाम हाती नसतो. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या द्रव्याशी याचा संबंध लावतात. जे रुचते त्यात रात्र सरते. बँकेचा एक अर्ज मात्र महिनाभर उशाशी पडून राहतो. २००७ साली 'तारे जमीन पर' आला, त्यातली शाळा आमच्या जिल्ह्यातल्या पाचगणीचीच. त्या चित्रपटाने डिस्लेक्सिया घरोघरी पोचवला. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. चाळिशीतल्या बाईला जादा वेळ कोण देणार? स्वयंपाकघराला बोर्ड नसते!

आईची साक्ष मात्र भलतीकडे वळली. डॉक्टर माझ्याविषयी विचारीत आणि ती दर वाक्याला म्हणे, "हेही असेच होते." हे म्हणजे आमचे आण्णा. त्यांनी कोरेगावच्या पेठेत आधी सायकलचे दुकान काढले, मग भुसार माल, मग घड्याळदुरुस्ती. पाहुण्याला स्टेशनवर पोचवायला गेले आणि गप्पांच्या भरात त्याच्याबरोबर रहिमतपूरला उतरले, ही गोष्ट गावात अजून सांगतात. गाव हसले, घरात मात्र त्यावरून दोन दिवस चूल धड पेटली नव्हती. हा स्वभाव घराण्यातून उतरतो, जवळजवळ उंचीसारखा, असे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसले आहे. पण गेलेल्या माणसाचे निदान करता येत नाही, असे डॉक्टरांनी आईला सांगितले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. माहुलीचा पूल मागे पडला, तेव्हा म्हणाली, "मी त्यांना फार बोलले गं. मला वाटायचं, मुद्दाम करतात." माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हते. आण्णांना जाऊन अकरा वर्षे झाली.

आता मी गोळी घेते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही ती, आणि तिने स्वभाव पालटत नाही. अर्ज उघडून पुढ्यात घेण्यापुरता धीर येतो, एवढेच. बाकीची कामे भिंतीवरचे कागद करतात. सगळ्यांत उपयोगी उपाय फुकटचा निघाला: आपल्या कामाला बसताना शेजारी कुणीतरी आपले काम घेऊन बसावे. मी वह्या तपासते आणि आई समोर वाघ्या घेवडा निवडत बसते. (आमच्या तालुक्याच्या या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे सांगितल्यावाचून कोरेगावच्या माणसाला राहवत नाही.) ती बोलत नाही, मी उठत नाही.

परवा तिने माळ्यावरून आण्णांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत उघडलेली सात घड्याळे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली मालकाच्या नावाची चिठ्ठी. मुलाने त्यांतले एक उचलले आणि ओट्यावर चिमटा घेऊन बसला. जेवायला तीन हाका मारल्या. त्याला एकही ऐकू गेली नाही. चौथी मारायला मी तोंड उघडले, तोच आईने माझा हात धरला.

"बसू दे त्याला," ती म्हणाली. "ताट झाकून ठेव."